मदशक्तीचा दृष्टान्त आणि मोहाचे फूल

चैतन्य, म्हणजे जाणण्याची शक्ती, कोठून येते या प्रश्नावर भारतीय दर्शनांत जो वाद अनेक शतके चालला, त्यातील सर्वांत गाजलेला दृष्टान्त देवळातून किंवा यज्ञमंडपातून आलेला नसून दारूच्या भांड्यातून आलेला आहे. पृथ्वी, जल, तेज आणि वायू ही चारच तत्त्वे मानणाऱ्या चार्वाकांचे, म्हणजेच लोकायतांचे, म्हणणे असे की ही तत्त्वे देहाच्या रूपाने एकत्र आली की त्यांच्यात चैतन्य उत्पन्न होते, आणि ती सुटी असताना चैतन्याचा मागमूस नसतो, यात नवल काही नाही. कारण धान्य, गूळ, पाणी आणि किण्व, म्हणजे आंबवण्याचे विरजण, यांपैकी कोणत्याही एका पदार्थाने माणूस झिंगत नाही, पण ते एकत्र आंबले की त्यांत मदशक्ती, म्हणजे झिंग आणण्याचे सामर्थ्य, प्रकट होते. देहापासून वेगळा आत्मा मानण्याची गरज नाही, हे सिद्ध करण्यासाठी याहून नेमका दृष्टान्त सापडणे कठीण होते. पुढे आद्य शंकराचार्यांना ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात आणि माधवाचार्यांना सर्वदर्शनसंग्रहात या दृष्टान्ताची दखल घ्यावीच लागली. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ नष्ट झाले आणि त्यांचे मत बहुतांशी विरोधकांच्या लेखणीतूनच उरले, तरी हा दृष्टान्त मात्र टिकला. मराठीत सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांच्या ग्रंथांमुळे चार्वाकांविषयी पुन्हा आस्थेने लिहिले-वाचले गेले. परंतु दृष्टान्तातल्या भांड्यात प्रत्यक्ष काय घडते, याची चौकशी तत्त्वज्ञांनी फारशी केलेली दिसत नाही. वादाचा निकाल त्या चौकशीवाचून लागणे अवघड आहे.

विरोधकांनी दिलेली उत्तरे मुख्यतः एकाच दिशेची आहेत. कार्य हे कारणात आधीपासूनच सूक्ष्म रूपाने असते, असे मानणाऱ्या सत्कार्यवादाचे पुरस्कर्ते सांख्य म्हणतात की मदशक्ती मिश्रणात नव्याने जन्मत नाही, ती प्रत्येक घटकात अल्प प्रमाणात असतेच आणि घटक एकत्र आल्यावर फक्त ठळक होते. चैतन्य मात्र सुट्या भूतांत अल्पांशानेही आढळत नाही, म्हणून दृष्टान्त लागू पडत नाही. जैनांच्या विशेषावश्यकभाष्यात जिनभद्रगणींनी महावीर आणि वायुभूती यांच्यातील चर्चेच्या रूपाने हेच उत्तर अधिक तपशिलाने मांडले आहे. तेथे धायटीच्या फुलाचे नाव येते, आणि वाळूच्या एका कणात तेल नसते म्हणून वाळूच्या ढिगाऱ्यातूनही ते निघत नाही, हा प्रतिदृष्टान्त येतो. धायटीची तांबडी फुले आजही वैद्यांच्या आसव-अरिष्टांत पडतात. संधान, म्हणजे औषधी द्रव्ये आंबवण्याची आयुर्वेदातील क्रिया, त्यांच्या मदतीने साधली जाते, आणि त्यांवर नैसर्गिकरीत्या राहणारे यीस्ट त्या कामी येते, असे आता समजले जाते. चरकसंहितेने ८४ आसवे सांगितली असून फुलांच्या आसवांत धायटीबरोबर मधूक, म्हणजेच मोह, गणला आहे, ही नोंद पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

मोहाचा विचार करायचा तर यवतमाळ जिल्ह्यासारखी दुसरी जागा शोधावी लागत नाही. पैनगंगेच्या आणि वर्धेच्या खोऱ्यांमधील या जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी आणि राळेगाव या तालुक्यांच्या वनपट्ट्यात गोंड, परधान आणि कोलाम यांची वस्ती आहे; कोलामांच्या छोट्या वस्तीला तेथे पोड म्हणतात, आणि ही जमात महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. मार्च-एप्रिलमध्ये, झाडावर पाने जवळजवळ नसताना, मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले रात्रभर उमलून पहाटे गळतात, आणि उजाडण्याच्या सुमारास बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली येतात. फुले स्वच्छ वेचता यावीत म्हणून खालचा पालापाचोळा आधीच झाडून काढतात किंवा जाळतात, आणि ही आग कधीकधी जंगलात पसरते, हेही सांगितले पाहिजे. वेचलेली फुले उन्हात पसरून वाळवली की ती आकसून, तपकिरी होऊन मनुकांसारखी दिसू लागतात, आणि मग कणगीत महिनोन्‌महिने टिकतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा अर्ध्याहून बराच अधिक भाग साखरेचा असतो, म्हणून त्याची भाकर, लाडू आणि उकडून केलेले पदार्थ पूर्वी टंचाईच्या दिवसांत घरोघरी पोट भरत असत. ही फुले पोटभर खाऊन कोणी झिंगत नाही, हे जैन आणि सांख्य उत्तराविरुद्धचे साधे, पण दुर्लक्षित निरीक्षण आहे.

दारू गाळायची असेल तेव्हा ही वाळकी फुले मडक्यात किंवा पिंपात पाण्यात भिजत घालतात. या आंबत्या मिश्रणाला सडवा म्हणतात. वर्तमानपत्रांत हातभट्टीवरील छाप्याच्या बातम्यांत अमुक इतके लिटर सडवा नष्ट केल्याचे छापून येते, तो हाच. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत आणि थंडीत आठवड्याहून अधिक काळात सडवा फेसाळतो, पृष्ठभागावर बुडबुडे फुटू लागतात, आधी गोडसर आणि मग आंबूस होत जाणारा वास सुटतो. फसफस थांबली की आतील साखर संपली, असे जाणकार कानाने आणि नाकाने ठरवतात. मग ते भांडे चुलीवर चढवून, वाफ वर थंड पाण्याने निववून थेंब-थेंब खाली उतरवली जाते, आणि आरंभी उतरणारा, सर्वांत तीव्र भाग पहिल्या धारेचा म्हणून ओळखला जातो. बाजारी हातभट्टीत सडवा लवकर चढावा म्हणून काळा गूळ आणि नवसागरही टाकतात, पण पूजेसाठी किंवा लग्नासाठी घरी गाळली जाणारी मोहाची दारू आणि विक्रीचा हा माल यांना गावकरी एका मापाने मोजत नाहीत.

आता प्रश्न असा की सडव्यात विरजण कोणी घातले. कौटिल्याने अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष प्रकरणात किण्व कसे तयार करावे हे उडीद, तांदूळ आणि वनस्पतींच्या प्रमाणासह दिले आहे, म्हणजे नागर परंपरेत किण्व हा हेतुपुरस्सर बनवलेला, वेगळा ओळखता येणारा घटक होता. मोहाच्या सडव्यात मात्र बहुधा कोणी काही घालत नाही; यीस्ट फुलाच्या पाकळीवर असते, मडक्याच्या सच्छिद्र भिंतीत मागच्या खेपेचे उरलेले असते, हवेतूनही येते. चार्वाकांच्या यादीत जो घटक इतरांच्या रांगेत निमूट उभा आहे, तो प्रत्यक्षात सगळे काम करणारा सजीव आहे, आणि यवतमाळच्या मडक्यात तर तो यादीत नावही न नोंदवता हजर असतो.

येथे एक आडवाट घेण्याचा मोह टाळणे कठीण आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो पुढे विदर्भालाही लागू झाला, दारूबरोबर मोहाच्या फुलांवरही नियंत्रण ठेवत असे. त्यांची साठवण आणि वाहतूक यांना बंधने होती, मात्र मोहाच्या फळाला आणि बीला ती नव्हती. न झिंगवणाऱ्या फुलावर दारूचे निर्बंध लादणारा हा कायदा, कळत-नकळत, सत्कार्यवादी होता: मदशक्ती फुलात सूक्ष्म रूपाने आहेच, तेव्हा तिला तेथेच अडवावे. २०२१ मध्ये राज्य शासनाने फुलांच्या संकलनावरील आणि वाहतुकीवरील निर्बंध सैल केले, तेव्हा शासन चार्वाकांच्या बाजूला सरकले, असे गमतीने म्हणता येईल.

घटकांत नसलेली गोष्ट मिश्रणात कशी येते, हे मोहाच्या गाळलेल्या दारूपेक्षा अधिक स्पष्ट दाखवणारे उदाहरण दूरच्या बेल्जियममध्ये सापडते, कारण तेथे चवीलाच यीस्टच्या कामाचा आधार दिलेला असतो. फिकट माल्ट, म्हणजे अंकुरवून वाळवलेले जव, साखर, हॉप्स नावाची कडवट फुले, पाणी आणि यीस्ट एवढ्यावर बनणाऱ्या तेथील सोनेरी, जोरकस एलमध्ये मद्यार्क साधारण ८.५ टक्क्यांच्या आसपास असतो. अँटवर्प प्रांतातील ब्रेन्डोंक या गावी १८७१ मध्ये स्थापन झालेल्या मोर्टगाट मद्यशाळेचे, सैतानाचे नाव धारण करणारे डुव्हेल हे या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध पेय. त्यासाठीचे यीस्ट पहिल्या महायुद्धानंतर स्कॉटलंडमधून आणलेले होते. ताज्या पेल्यातल्या फेसाळ, कोरड्या घोटात नासपतीचा, थोड्या काळ्या मिरीचा, कधी पिकलेल्या केळ्याचा वास येतो, आणि यांपैकी एकही गोष्ट जवात, साखरेत किंवा पाण्यात नसते. हे गंध यीस्टने साखर पचवताना बनवलेल्या एस्टर नावाच्या संयुगांचे आणि तत्सम पदार्थांचे आहेत. बाटली बंद करताना आणखी थोडी साखर आणि यीस्ट आत घातले जाते, त्यामुळे आंबण्याची क्रिया बाटलीतच पुन्हा चालते आणि तळाशी गाळ बसतो.

हीच बाटली तळघरात काही वर्षे ठेवली तर घोट बदलतो: हॉप्सचा कडवटपणा आणि कोवळी फळे मागे पडतात, मध, वाळवलेली फळे आणि शेरीसारखा गोडसर, खोल वास पुढे येतो, आणि हवेचा अंश आत राहिला असल्यास भिजलेल्या कागदासारखी शिळकट चवही लागते. काम आता यीस्टचे राहत नाही. बरेचसे यीस्ट मेलेले असते, त्याच्या पेशी फुटून आतील द्रव्ये पेयात उतरलेली असतात, एस्टर हळूहळू विघटित होतात आणि प्राणवायू संथपणे रसायने फिरवत राहतो. हा पालट पाहून वैशेषिक आणि नैयायिक यांचा पाकज गुणांवरचा, म्हणजे तेजाच्या संयोगाने द्रव्यात होणाऱ्या गुणबदलावरचा, वाद आठवतो. पीलुपाक मानणारे वैशेषिक म्हणत की कच्चे मडके भाजताना अणू सुटे होऊन, पालटून, पुन्हा जुळतात, म्हणजे भाजलेले मडके वस्तुतः नवे मडके असते. पिठरपाक मानणारे नैयायिक म्हणत की मडके अखंड राहूनच त्याचा रंग बदलतो. तळघर जितके उबदार तितके पेय लवकर जुने होते, हा तेथील जाणत्यांचा अनुभव वैशेषिकांना आपल्या बाजूचा वाटला असता. जुन्या पेयाची थोरवी ही युरोपचीच कल्पना आहे असेही नाही. चरकाने नवे मद्य जड आणि दोषकारक, तर जुने मद्य हलके आणि भूक वाढवणारे सांगितले आहे.

मिश्रणाचा विचार आणखी पुढे नेणारी एक घटना अमेरिकेत घडली. कोलोरॅडोतील अ‍ॅव्हरी आणि कॅलिफोर्नियातील रशियन रिव्हर या दोन मद्यशाळांनी, एकमेकींना ठाऊक नसताना, बेल्जियन वळणाच्या आपापल्या एलला सॅल्व्हेशन, म्हणजे मुक्ती, हे एकच नाव दिले होते. अ‍ॅव्हरीची सोनेरी होती, दुसरीची गडद. ही गोष्ट ध्यानी आल्यावर दोन्ही मालकांनी न्यायालयाची वाट न धरता डिसेंबर २००६ मध्ये दोन्ही पेये एकत्र मिसळून तिसरे सिद्ध केले आणि भांडणाऐवजी सहकार्य असे सुचवणारे नाव त्याला दिले. या तिसऱ्या पेयात जी चव आहे ती पहिल्या दोहोंची बेरीज आहे की नवी वस्तू, हा प्रश्न आस्वादकाने चाखून सोडवायचा नाही, कारण बेरीज वाटणे आणि नवे वाटणे या दोन्ही गोष्टी जिभेवर घडतात. परंतु एवढे खरे की येथे कोणतेही नवे आंबवणे न होता, निव्वळ संयोगाने गुण पालटला, आणि संयोगाने नवा गुण येऊच शकत नाही हा वाळूच्या कणांचा युक्तिवाद तेवढ्यापुरता मोडला.

मग दृष्टान्त चार्वाकांच्या बाजूने उभा राहतो काय? लुई पाश्चरने १८५७ पासून आंबवण्याच्या क्रियेवर जे प्रयोग केले आणि १८७६ मध्ये बीअरवर जो ग्रंथ लिहिला, त्यातून हे ठरले की आंबणे हे जिवंत यीस्टचे कार्य आहे. ते निव्वळ रासायनिक विघटन आहे, हे युस्टुस फॉन लीबिखचे मत मागे पडले. चार्वाकांच्या दृष्टीने हा निकाल अडचणीचा आहे, कारण अचेतन भूतांच्या संयोगातून चैतन्य येते हे दाखवण्यासाठी त्यांनी जे भांडे पुढे केले, त्यात जीव आधीच शिरलेला निघाला. म्हणजे जे सिद्ध करायचे त्याचा अंश दृष्टान्ताच्या पोटात लपलेला होता. सांख्य आणि जैन यांना हे उत्तर सुचले नाही, याचे कारण त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता एवढेच. तथापि आत्मवाद्यांना हा विजय फार दिवस लाभला नाही. १८९७ मध्ये एदुआर्द बुखनरने यीस्टच्या पेशी दळून, त्यांचा पेशीरहित रस काढून, त्यानेही साखर आंबते हे दाखवले, आणि १९०७ मध्ये त्याला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जीव गेला तरी काम करणारी रसायने उरतात, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे कारखान्यांत एथिलीन वायूवर पाण्याची प्रक्रिया करून यीस्टवाचून मद्यार्क बनू लागला, आणि तो रेणूने तोच. तेव्हा न्याय्य निर्णय असा दिसतो की दृष्टान्तातील किण्व सजीव होते ही चार्वाकांची अडचण खरी, पण ती अडचण भौतिकवादाची नसून त्यांनी निवडलेल्या उदाहरणाची होती.

दुसरी, अधिक खोल अडचण भांड्यात नसून पिणाऱ्यात आहे, आणि ती कारखान्यातल्या मद्यार्कानेही सुटलेली नाही. मदशक्ती हा पेयाचा गुण म्हणून सांगितला जातो, पण मोहाची पहिल्या धारेची दारू दगडावर ओतली तर दगड झिंगत नाही. झिंग येण्यासाठी आधीच जाणीव असलेला देह लागतो, आणि त्या देहाची सवय, वय, पोट, घरातले दुःख आणि भोवतालचे लोक या सर्वांवर तिचे रूप अवलंबून असते. न्यायाच्या भाषेत सांगायचे तर मदाचा आश्रय, म्हणजे ज्यात तो राहतो ते द्रव्य, पेय नव्हे. पेयात फक्त जाणणाऱ्याला डळमळवण्याची योग्यता आहे, आणि योग्यतेचे वर्णन जाणणाऱ्याचा उल्लेख केल्यावाचून पुरे होत नाही. चार्वाक म्हणतील की पिणाऱ्याचे चैतन्यही भूतांचेच, आणि दारूने ते डळमळते हाच त्याचा पुरावा. हा युक्तिवाद स्वतंत्रपणे बलवान आहे, किंबहुना मूळ दृष्टान्ताहून बलवान आहे. पण तो स्वीकारला तर मदशक्तीवरून चैतन्य सिद्ध करायचे आणि चैतन्यावरून मदशक्ती समजावायची, असा अन्योन्याश्रय, म्हणजे एकमेकांवर टेकलेल्या दोन सिद्धींचा दोष, मूळ दृष्टान्ताला लागतो.

गोंड आणि कोलाम यांच्या पूजाविधींत दारूचे स्थान पाहताना ही दुसरी अडचण वेगळ्या प्रकाशात दिसते. पेनांच्या, म्हणजे कुळाच्या देवांच्या, पूजेत आणि पितरांच्या कार्यात मोहाच्या दारूचे काही थेंब आधी जमिनीवर सोडले जातात आणि मग उरलेली जमलेल्यांत फिरते; पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेतील गोंडांचा १९४० च्या दशकात अभ्यास करणाऱ्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या लेखनातही अशा अर्पणाची वर्णने आहेत. जमिनीवर सोडलेल्या थेंबाने माती झिंगेल, असे कोणी मानत नाही. ब्राह्मणी धर्मशास्त्राने सुरापानाला महापातकांत घातले, तेव्हा अशुद्धीचे ठिकाण पेय हेच धरले आणि म्हणून स्पर्शसुद्धा दूषित ठरवला. थेंब सोडणाऱ्यांच्या आचारात मात्र पावित्र्य किंवा अपावित्र्य पेयाच्या अंगी चिकटलेले नसून कोणाबरोबर, कोणाला आधी देऊन, कोणत्या प्रसंगी ते घेतले यावर ठरते. तत्त्वचर्चा म्हणून पाहिल्यास दुसरी भूमिका मदाच्या आश्रयाविषयी अधिक अचूक आहे. मात्र तिच्यावरून आदिवासी मद्यपानाचे गोडवे गाण्याची जी टूम शहरी लेखनात दिसते, ती तिला अभिप्रेत नाही, कारण देवाला आधी देण्याची मर्यादा गुत्त्यात लागू नसते.

यवतमाळ जिल्ह्यातील बायकांनी ही गोष्ट कोणत्याही दर्शनाच्या आधाराशिवाय मांडलेली आहे. १ एप्रिल २०१५ रोजी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाल्यानंतर यवतमाळातही स्वामिनी या नावाच्या आंदोलनाने तीच मागणी लावून धरली. मोर्च्यांत आलेल्या बायकांनी मांडलेली तक्रार अशी की पितो एक आणि भोगते सगळे घर. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली, तरी गावपातळीवर उभ्या आणि आडव्या बाटलीच्या मतदानाची तरतूद कायम आहे, ज्यात दुकान बंद व्हावे असे वाटणारी बाई मतपत्रिकेवर आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारते आणि गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते तशी पडली तर दुकानाला टाळे लागते. मद पिणाऱ्यात असतो की पेयात, हे विचारणाऱ्या कोणत्याही संस्कृत ग्रंथाने न प्यालेल्या माणसाला मदाचा आश्रय मानलेले नाही. या मतदानाने ती शक्यता गृहीत धरली आहे, आणि मत देणाऱ्यांपैकी बहुतेकींनी घोटही घेतलेला नसतो.